‘बॉम्बिलियस’ : एका माशीचे नाव आणि तिची ओळख

कीटकांची नावे हा भाषाशास्त्राच्या अभ्यासाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येण्याचा संभव आहे. तथापि नाव ठेवणे म्हणजे एक प्रकारे वर्गीकरण करणेच होय. नव्याने दिसलेल्या वस्तूला आपण नाव देतो तेव्हा ती वस्तू आपल्या ओळखीच्या कोणत्या वस्तूच्या पंक्तीला बसते, याचा निर्णय आपण नकळत करून टाकलेला असतो. हा निर्णय चुकला तर ती चूक नावामध्ये शतकानुशतके टिकून राहते, कारण ज्ञान वाढले म्हणून लोक शब्द टाकून देत नाहीत. प्रस्तुत लेखात ज्या माशीचा विचार करावयाचा आहे तिच्या बाबतीत ही गोष्ट विशेष स्पष्टपणे दिसते. कार्ल लिनीअस या स्वीडिश पंडिताने १७५८ साली ‘सिस्टेमा नातुरे’ या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत तिला ‘बॉम्बिलियस मेजर’ असे नाव दिले. ही माशी फुलांवर काय करते हे ज्याला डोळे आहेत त्याला तेव्हाही दिसत होते. परंतु ती जन्मते कोठे, वाढते कशावर, याचा सविस्तर वृत्तान्त प्रसिद्ध होण्यास १८७८ साल उजाडावे लागले. नाव आणि ओळख यांच्यामध्ये १२० वर्षांचे अंतर पडले. हे अंतर का पडले, आणि नावाचा त्यात काही वाटा होता काय, हा येथील प्रश्न आहे.

प्रथम माशीचे वर्णन करणे इष्ट होय. युरोप, उत्तर आशिया व उत्तर अमेरिका या विस्तीर्ण प्रदेशात ती आढळते, आणि उत्तर भारतही तिच्या क्षेत्रात येतो. तिची लांबी सुमारे एक सेंटीमीटर असते. अंगावर दाट, पिंगट, लोकरीसारखे केस असतात, त्यामुळे ती गुबगुबीत दिसते. तोंडापुढे भाल्यासारखी सरळ, ताठ सोंड असते. वसंत ऋतूच्या आरंभी, इंग्लंडमध्ये साधारणतः मार्चपासून, उन्हाच्या वेळी ती फुलासमोर हवेत जागच्या जागी तरंगताना दिसते. पंखांची फडफड चालू ठेवूनच ती पुढच्या पायांनी पाकळीला जेमतेम स्पर्श करते आणि सोंड फुलात घालते. तिचा गुंजारव बारीक व उंच स्वराचा असतो. पाहणाऱ्याला प्रथमदर्शनी ती लहानसा भुंगाच वाटते.

मात्र थोडे बारकाईने पाहिले की हे साम्य ढासळू लागते. मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात, हिला एकच. दुसऱ्या जोडीच्या जागी गदेच्या आकाराचे दोन बारीक अवयव उरलेले असतात, त्यांचा उपयोग उडताना तोल सांभाळण्याकडे होतो. मधमाशीच्या शृंगिका लांब व कोपरासारख्या वाकलेल्या, तर हिच्या अगदी आखूड. मधमाशी आपली जीभ दुमडून हनुवटीखाली घेते. हिची सोंड मात्र बसलेली असतानाही पुढे रोखलेलीच राहते, आणि अजाण माणसास तीच नांगी वाटून तो मागे सरतो. वस्तुतः हिला नांगी नाही. पराग वाहून नेण्याची कसलीही सोय हिच्या पायांवर नाही. बसलेली असताना पंख पाठीवर न मिटता ती बाजूंना पसरून ठेवते. तेव्हा पंखाची पुढची कड गडद तपकिरी असून तिची सीमा नागमोडी पण स्पष्ट रेखलेली आहे, असे दिसल्यास ती ‘मेजर’ हीच जाती होय. नरमादीचा भेद डोळ्यांवरून कळतो : नराचे डोळे माथ्यावर एकमेकांना जवळजवळ भिडलेले असतात, मादीचे स्पष्टपणे अलग असतात.

आता नावाकडे वळू. ‘बॉम्बिलियस’ हा शब्द लिनीअसने निर्माण केला नाही. ग्रीक भाषेत ‘बॉम्बॉस’ म्हणजे घोंगावणे. त्यापासून ‘बॉम्बिलिऑस’, म्हणजे घोंगावणारा. हा शब्द अनुकरणवाचक आहे, हे आपल्या ‘भुंगा’, ‘भोंगा’, ‘घोंगावणे’ या शब्दांवर वाढलेल्या कानाला सांगावयास नको. घशातून पाणी ओतताना आवाज करणाऱ्या अरुंद गळ्याच्या भांड्यासही ग्रीक लोक हेच नाव देत. इ. स. पूर्व ४२२ मध्ये सादर झालेल्या अ‍ॅरिस्टोफनीसच्या ‘गांधीलमाश्या’ या प्रहसनात न्यायासनाचे व्यसन जडलेला एक म्हातारा आहे. मेणाच्या पाटीवर शिक्षेची रेघ ओढून ओढून त्याच्या नखांत मेण साचते, आणि तो घरी परततो तो मधमाशीसारखा किंवा ‘बॉम्बिलिऑस’सारखा, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे मेणाशी संबंध असलेला हा कीटक असला पाहिजे. अ‍ॅरिस्टॉटलच्या ‘प्राण्यांचा इतिहास’ या ग्रंथात तर ‘बॉम्बिलिऑस’ जमिनीलगत दगडाखाली दोन-चार कोठड्या करून पिल्ले वाढवतो व त्याच्याजवळ थोडासा हलका मधही सापडतो, असे वर्णन येते. हे वर्णन थोरल्या केसाळ भुंग्याला, ज्याला इंग्रजीत ‘बंबलबी’ म्हणतात त्याला, चांगले जुळते. आपल्या माशीला त्यातले एकही लक्षण लागू पडत नाही.

येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद करण्याजोगी आहे. माशी आणि मधमाशी यांतील भेदाचे सूत्र याच ग्रंथात आहे. दोन पंखांच्या कीटकांना मागच्या टोकास नांगी नसते, नांगी मागे असणारे कीटक चार पंखांचे असतात, असा नियम अ‍ॅरिस्टॉटलने सांगून ठेवला. ‘द्विपंखी’ या अर्थाची ‘डिप्टेरा’ ही संज्ञाही त्याच्याकडूनच पुढे आली. लिनीअसने त्याच्याकडून दोन्ही घेतले : गणाचे नाव पंखांच्या संख्येवरून, आणि प्रजातीचे नाव आवाजावरून. गणाच्या नावाने तिला माश्यांत बसवले आणि प्रजातीच्या नावाने भुंग्यांची आठवण जागी ठेवली. लिनीअसला तिची जात ओळखता आली नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याला ती माशी आहे हे पक्के ठाऊक होते. प्राचीन वाङ्मयातील रिकामी पडलेली नावे नव्या प्रजातींवर चढवण्याची त्याची नेहमीची पद्धत होती, आणि एकदा द्विनाम पद्धतीत नाव म्हणजे केवळ खूण असे मानले की खुणेचा मूळ अर्थ काय याची चिंता उरत नाही. भाषाशास्त्रज्ञाला मात्र ती चिंता सोडता येत नाही.

लिनीअसने या प्रजातीत ‘मेजर’, ‘मेडियस’ व ‘मायनर’ म्हणजे थोरली, मधली व धाकटी अशा जाती सांगितल्या. ही नावे आकारावरून वाटतात. परंतु त्याने दिलेली लक्षणे पाहिली तर भेद पंखांवरून केलेला आहे : थोरलीचा पंख अर्धा काळा, मधलीचा ठिपकेदार, धाकटीचा निष्कलंक. ही निवड मार्मिक होती. आकार पोषणावर अवलंबून असतो व एकाच जातीत तो बराच कमीजास्त होतो, केसांचा रंग उन्हाने व वयाने उडतो, पण पंखांवरील नक्षी टिकते. पुढे १७९६ साली प्रागच्या योहान ख्रिस्तियान मिकान याने बोहेमियातील या माश्यांवर स्वतंत्र प्रबंध लिहिला आणि ‘डिस्कलर’ ही आणखी एक ठिपकेदार पंखांची जाती वेगळी काढली. ठिपके आहेत म्हणून ‘मेडियस’ असे म्हणण्याची सोय तेव्हापासून संपली. एकच ठळक लक्षण हेरून नाव लावावयाचे हा मार्ग ‘मेजर’पुरता बरा चालतो, तिच्या भावंडांच्या बाबतीत पंख, उदराच्या टोकाचा रंग, केसांच्या रांगा असे सर्व एकत्र पाहावे लागते. १८०२ मध्ये लात्रेल या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने या सर्वांचे मिळून स्वतंत्र कुल केले. एव्हेनहुइस व ग्रेटहेड या दोघांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या जागतिक सूचीत या कुलाच्या जातींची संख्या साडेचार हजारांवर गेली आहे.

लोकभाषांनी हीच माशी कशी पाहिली, हे तुलना करून पाहण्यासारखे आहे. इंग्रजीत ती ‘मधमाशी-माशी’ झाली, डॅनिश भाषेत ‘हुमलेफ्लुए’ म्हणजे भुंगामाशी. हा साम्याचा मार्ग झाला. जर्मन भाषेने ‘वोलश्वेबर’ म्हणजे लोकरीचा तरंगणारा असे नाव दिले, त्यात मधमाशीचा उल्लेखच नाही. केस आणि उड्डाण ही जे दिसते तेवढीच लक्षणे आहेत. स्वीडिशमध्ये ‘स्वेवफ्लुगा’ म्हणजे तरंगती माशी. गंमत अशी की इंग्रजीत शब्दशः याच अर्थाचा ‘हॉवरफ्लाय’ हा शब्द आहे, पण तो एका निराळ्या कुलाला लावतात, आणि त्या कुलाला स्वीडिश लोक ‘फूलमाश्या’ म्हणतात. दोन्ही भाषांतून कोशाच्या आधारे भाषांतर करणाऱ्याची येथे फसगत ठरलेलीच. सर्वांत सुंदर नाव जपानी भाषेचे आहे : ‘बिरोदो-त्सुरिआबु’, म्हणजे मखमलीची, हवेत टांगलेली गोमाशी. यातील ‘बिरोदो’ हा शब्द पोर्तुगीज ‘वेलुदो’पासून आला. पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी जपानला नेलेल्या कापडाचे नाव एका माशीच्या पाठीवर जाऊन बसले. आपल्याकडे मृगाच्या किड्याला मखमली किडा म्हणण्याचा प्रघात आहे, त्याची येथे सहज आठवण होते.

वरील सर्व नावांत एक गोष्ट समान आहे. ती सर्व फुलासमोर उडणाऱ्या प्रौढ माशीची नावे आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस, १७९३ मध्ये, श्प्रेंगेल याने फुले व कीटक यांच्या परस्परसंबंधावर आपला ग्रंथ लिहिला आणि १८७३ मध्ये हेर्मान म्युलर याने कोणत्या फुलाला कोणता कीटक भेट देतो याच्या विस्तृत नोंदी प्रसिद्ध केल्या. म्युलरच्या नोंदींत या माश्यांना मानाचे स्थान आहे, कारण ज्या फुलांचा मध खोल नळीच्या तळाशी असतो तेथे आखूड जिभेच्या कीटकांचा निभाव लागत नाही. या अभ्यासाने माशीच्या अर्ध्या आयुष्याचा, आणि तेही पाहावयास सोप्या अर्ध्याचा, उलगडा झाला. मध पिणारी, केसांना पराग चिकटवून या फुलावरून त्या फुलावर जाणारी निरुपद्रवी माशी, असे तिचे चित्र उभे राहिले. तिच्या नावाने सुचवलेले चित्रही नेमके तेच होते.

दुसरे अर्धे आयुष्य जमिनीत जाते. उन्हाळलेल्या उघड्या मातीत बिळे खोदून राहणाऱ्या एकाकी मधमाश्या असतात, त्यांत ‘आंद्रीना’ ही प्रजाती मुख्य होय. या मधमाश्या पोळे बांधत नाहीत. प्रत्येक मादी आपले बीळ आपणच खोदते, त्यात कोठड्या करते, प्रत्येक कोठडीत पराग व मध यांचा गोळा ठेवते, त्यावर एक अंडे घालते आणि तोंड बुजवते. आपली माशी अशा जागी येऊन जमिनीपासून थोड्या उंचीवर तरंगते आणि उदराचे टोक झटकून अंडी बिळाच्या तोंडाच्या दिशेने अक्षरशः फेकते. त्यापूर्वी ती मातीत टेकून उदराच्या टोकाशी असलेल्या एका लहान कप्प्यात धूळ भरून घेते; प्रत्येक अंड्याला त्या धुळीचे आवरण मिळते. धुळीमुळे अंड्याला वजन येते, ते मातीत बेमालूम मिसळते आणि लवकर सुकत नाही, असे तिचे उपयोग सांगितले जातात. बीळ नसलेल्या लहानशा काळ्या खळग्यावरही ती अंडी फेकताना आढळते. म्हणजे तिची नेमबाजी अचूक असली तरी निवड तशी नाही. उणीव ती अंड्यांच्या संख्येने भरून काढते.

टी. ए. चॅपमन या इंग्रज वैद्याने १८७८ मध्ये ‘एन्टोमॉलॉजिस्ट्स मंथली मॅगझिन’ या नियतकालिकात ‘बॉम्बिलियस मेजर’ व ‘आंद्रीना’ची एक जाती यांच्यासंबंधी निरीक्षणे प्रसिद्ध केली, आणि या अज्ञात अर्ध्यावर प्रकाश पडला. अंड्यातून निघणारी अळी बारीक, चपळ व दोऱ्यासारखी असते. ती सरपटत बिळात उतरते आणि कोठडी गाठते. मधमाशीची अळी परागाचा साठा संपवून पुरी वाढेपर्यंत ती थांबून राहते. मग कात टाकून जाड, मंद, निराळ्याच रूपाची होते, यजमान अळीला तोंड लावते आणि तिला शोषून रिकामी करते. हिवाळा जमिनीतच जातो. वसंतात कोश डोक्यावरील कठीण काट्यांच्या साहाय्याने माती उकरीत पृष्ठभागाशी येतो व त्यातून केसाळ माशी बाहेर पडते. ती मग त्याच फुलांवर जाते, ज्या फुलांवर ज्यांच्या घरात ती वाढली त्या मधमाश्यांच्या बहिणी पराग वेचीत असतात.

या कुलाच्या चरित्राचा सर्वांत हृद्य वृत्तान्त मात्र झां आंरी फाब्र याने लिहिला. त्याच्या कीटकविषयक आठवणींचा तिसरा खंड १८८६ साली प्रसिद्ध झाला, त्यात ‘अँथ्रॅक्स’ या प्रजातीवर प्रकरणे आहेत. ही माशी गवंडीमाशीच्या, म्हणजे चुनखडीच्या मातीचे दगडासारखे टणक घर बांधणाऱ्या मधमाशीच्या घरात वाढते. फाब्रने दोन कोडी उभी केली. अळीच्या तोंडाला चावा घेण्याजोगे काही नाही, यजमानाच्या कातडीला जखम नाही, तरी ती अळी दिवसेंदिवस फुग्यातील हवा जावी तशी आकसत जाते, हे कसे? आणि ज्या भिंतीला सुरीने टोकरावे लागते त्या भिंतीच्या आत ही मऊ अंगाची माशी अंडे घालते तरी कसे? पहिल्याचे उत्तर त्याने शोषणात शोधले : तोंड केवळ टेकवलेले असते, आणि हवे तेव्हा उचलून दुसरीकडे लावता येते. दुसऱ्याचे उत्तर म्हणजे ती केसासारखी बारीक प्रथमावस्थेतील अळी, जी भिंतीच्या नजरेलाही न दिसणाऱ्या फटीतून शिरते. बाहेर पडण्याचे काम ना अळी करते ना माशी. ते काट्यांनी सज्ज असलेला कोश करतो. फाब्रच्या शैलीत पाल्हाळ आहे, आणि कीटकांना मानवी हेतू बहाल करण्याची त्याची सवय आजच्या वाचकाला खटकते. तरीही प्रश्न नेमका मांडण्याची त्याची हातोटी अशी की उत्तराआधी प्रश्नाचेच मोल कळते.

माशी मधमाशीसारखी का दिसते, या प्रश्नाचे जुने उत्तरही याच ठिकाणी तपासले पाहिजे. कर्बी व स्पेन्स या इंग्रज ग्रंथकारांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भुंग्यांच्या घरात वाढणाऱ्या एका वेगळ्या माशीविषयी असे म्हटले होते की, यजमानाचा वेष घेतल्यामुळे तिला घरात बिनधोक शिरता येते. हे उत्तर आपल्या माशीलाही लावण्याचा मोह होतो. परंतु ती घरात शिरतच नाही, बाहेरूनच अंडी फेकते. मग वेष कोणासाठी? १८६२ मध्ये हेन्री वॉल्टर बेट्स याने अ‍ॅमेझॉनच्या फुलपाखरांवरून मांडलेला विचार येथे अधिक समाधानकारक वाटतो : निरुपद्रवी प्राणी नांगीवाल्याचे रूप धारण करतो तो भक्षकाला, पक्ष्याला, फसवण्यासाठी. म्हणजे नाव ठेवणारे ग्रीक आणि दचकून मागे सरणारी पाखरे यांची दिशाभूल एकाच रूपाने केली असे म्हणावयास हरकत नाही.

एका कीटकाच्या घरातून दुसराच कीटक बाहेर पडतो, हे निरीक्षण मानवाला नवे नव्हते. नवे होते ते त्याचे स्पष्टीकरण. व्हर्जिलच्या शेतीविषयक काव्याच्या चौथ्या सर्गात मेलेल्या बैलाच्या कुजलेल्या कलेवरातून मधमाश्या निर्माण करण्याची कृती सांगितली आहे. या समजुतीचा उलगडा ओस्टेन-साकेन या गृहस्थाने १८९३-९४ मध्ये केला. हा रशियाचा मुत्सद्दी. वॉशिंग्टनच्या वकिलातीत व पुढे न्यूयॉर्क येथे नोकरी करता करता त्याने अमेरिकेतील माश्यांवर, आपल्या या केसाळ कुलावरही, मौलिक लेखन केले. कलेवरातून निघतात त्या मधमाश्या नव्हेत, तर कुजक्या पाण्यात वाढणाऱ्या व नर मधमाशीसारख्या दिसणाऱ्या एका जातीच्या माश्या होत, हे त्याने दाखवले. दोन पंख मोजण्याचे राहिले आणि दोन हजार वर्षे एक दंतकथा जगली. सतराव्या शतकात मिडलबर्गचा चित्रकार यान हुदार्ट याने अळ्या पाळून त्यांची चित्रे काढली, तेव्हा एकाच प्रकारच्या अळीतून कधी फुलपाखरू तर कधी बारीक माश्यांचा थवा निघतो, हे त्याने पाहिले व ही निसर्गाची लीला समजून तसे नोंदवले. १६६८ मध्ये फ्रान्चेस्को रेदी याने मांसावर जाळी घालून माश्या मांसातून नव्हे तर अंड्यांतून होतात हे सिद्ध केले, तेव्हापासून अशा लीलांची जागा अंड्याच्या शोधाने घेतली.

आपल्या परंपरेत याच निरीक्षणाला निराळे वळण मिळाले. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने मानलेल्या चोवीस गुरूंपैकी तीन या वर्गातले आहेत : मध गोळा करणारा ‘मधुकृत्’, त्याचा मध हरण करणारा ‘मधुहा’ आणि कीटकाला आपले रूप देणारा ‘पेशस्कृत्’. एकनाथांनी याच स्कंधावरील आपली मराठी टीका १५७३ साली वाराणसीस पूर्ण केली, आणि भृंगी-कीटकाचा दृष्टान्त मराठी वाङ्मयात घरोघरी पोचला. भृंगी अळी धरून आणते, मातीच्या घरात कोंडते. भयाने तिचे अखंड ध्यान करणारी अळी शेवटी भृंगीच होऊन बाहेर पडते. ‘पेशस्’ म्हणजे रूप, नक्षी. वैदिक भाषेत ‘पेशस्कारी’ म्हणजे भरतकाम करणारी स्त्री. तेव्हा ‘पेशस्कृत्’ हे ‘रूप घडवणारा’ या अर्थाचे नाव सिद्धान्तासह जन्मलेले आहे. या दृष्टान्तास अज्ञान म्हणून हसणे मला उचित वाटत नाही. कुंभारीण अळी आणते, ती जिवंत पण निश्चल असते, घर बंद होते, आतून कुंभारीणच निघते; यातील प्रत्येक पायरी डोळ्यांनी पाहिलेली व खरी आहे. न दिसलेली वस्तू एकच, अंडे. हुदार्टलाही तेच दिसले नव्हते. विशेष असे की आपल्या माशीच्या कुलातील काही जाती मातीची घरे करणाऱ्या अशा कुंभारणींच्याही घरात वाढतात. त्या घरातून अळी नाही, कुंभारीणही नाही, तर तिसराच केसाळ जीव बाहेर पडलेला एखाद्या प्राचीन निरीक्षकाने पाहिला असता, तर दृष्टान्ताचे काय झाले असते, असा विचार मनात येतो.

जीवनक्रम कळला तरी त्याला नाव देण्याचा प्रश्न उरतोच. यजमानावर जगणाऱ्याला इंग्रजीत ‘पॅरासाइट’ म्हणतात. पण ऊ किंवा जंत यजमानाला जिवंत ठेवून जगतो, ही अळी तर एकाच यजमानावर वाढून त्याचा अंत करते. दोहोंना एक शब्द अपुरा पडतो हे ओळखून फिनलंडच्या ओ. एम. रॉयटर याने १९१३ मध्ये ‘पॅरासिटॉइड’ हा शब्द बनवला. मराठीत ‘परोपजीवी’, ‘परजीवी’, ‘जीवोपजीवी’ असे तीन शब्द ‘पॅरासाइट’साठी खर्ची पडले, आणि ज्याची गरज होती त्या भेदासाठी एकही रूढ झाला नाही. शिवाय ‘परोपजीवी’ या शब्दाला व्यवहारात तुच्छतेची छटा आहे. विद्यार्थी हा शब्द वाचतो आणि माशी मधमाशीची वैरीण, तेव्हा मारावयास हरकत नाही, असा निष्कर्ष काढतो. वस्तुस्थिती अशी की जेथे या माश्या पुष्कळ दिसतात तेथे जमिनीत घरे करणाऱ्या मधमाश्यांची वस्ती असते, आणि तिच्या आधारावाचून माशी टिकूच शकत नाही. अमेरिकेत रायली याने १८८० मध्ये दाखवले की याच कुलातील काही माश्यांच्या अळ्या टोळांची अंडी खातात. एकाच कुलातील एक जात शेतकऱ्याच्या हिताची आणि दुसरी अहिताची असे ठरवणारे शब्द वर्गीकरणाच्या कामी निरुपयोगी होत.

शेवटी मराठी नावाचा विचार. भारतातील या कुलाचे पहिले विस्तृत वर्णन एन्रिको ब्रुनेटी याने १९२० मध्ये ‘ब्रिटिश हिंदुस्थानातील प्राणिसृष्टी’ या मालेतील खंडात केले. पेशाने संगीतकार असलेल्या या माणसाने कलकत्त्यातील वास्तव्यात माश्यांचा अभ्यास केला. (गुंजारव करणाऱ्या कुलाला संगीतकार भेटावा, हा योगायोगच.) जाती लॅटिन नावांनी मोजल्या गेल्या, मराठी नाव मात्र रूढ झाले नाही. ‘बी फ्लाय’चे शब्दशः भाषांतर करू जाता मोठी अडचण येते. इंग्रजीत ‘बी’ व ‘फ्लाय’ हे दोन वेगळे वर्ग आहेत, आणि खरी माशी असेल तेथेच ‘फ्लाय’ हा शब्द सुटा लिहिण्याचा संकेतही कीटकशास्त्रज्ञ पाळतात. मराठीत घरमाशी, गोमाशी, मधमाशी, गांधीलमाशी, कुंभारमाशी या सर्व माश्याच. हा गोंधळ आजचा नव्हे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात एका सूक्तात ‘मक्षिका’ मधाच्या संदर्भात येते आणि दुसऱ्यात अश्वमेधाच्या घोड्याचे मांस खाते. एकाच शब्दाने मधमाशी व घरमाशी दोन्ही. प्राकृतात त्याची ‘मक्खिआ’ व ‘मच्छिआ’ अशी दोन रूपे झाली. हिंदी पहिल्यावरून ‘मक्खी’ला पोचली, मराठी दुसऱ्यावरून ‘माशी’ला, ज्या वाटेने ‘इक्षु’चा ‘ऊस’ व ‘कुक्षी’ची ‘कूस’ झाली. ध्वनी बदलले, अर्थाचा पसारा तेवढाच राहिला. अशा भाषेत ‘मधमाशी-माशी’ म्हणणे केवळ कर्णकटू नव्हे, अर्थशून्य आहे.

‘भृंगमाशी’ हा शब्द मला त्यातल्या त्यात बरा वाटतो. त्यात पूर्वपदाने साम्य सांगितले जाते व उत्तरपदाने जात. ‘भृंग’ या शब्दाला मधाचा साठा चिकटलेला नाही. आणि भृंगी-कीटकाच्या दृष्टान्तामुळे परक्याच्या घरात रूप पालटण्याचा संस्कार तो शब्द बरोबर घेऊनच येतो. ‘लोकरमाशी’ हा जर्मन धर्तीवरील पर्यायही वाईट नाही, पण आपल्याकडील या कुलाच्या अनेक जाती काळ्या, तुरळक केसांच्या व चितारलेल्या पंखांच्या आहेत, त्यांना तो शोभणार नाही. ‘मेजर’साठी ‘थोरली’ म्हणण्यापेक्षा लिनीअसनेच निवडलेले लक्षण घेऊन ‘काळ्याकाठी भृंगमाशी’ म्हणावे. लुगड्याचा काठ ओळखणाऱ्या कोणासही ते समजावून सांगावे लागणार नाही. ‘डिस्कलर’ व ‘मेडियस’ या दोघींना मात्र ‘ठिपकेदार’ हे एकच विशेषण पुरत नाही. मधलीच्या उदराचे टोक पांढरे असते, त्यावरून तिला ‘पांढरटोकी’ म्हणता येईल.